लांडग्याचं पडसं

मुलांना मोठ्यानं वाचून दाखवण्याचे फायदे सर्व्हेअरसाहेबांना तोंडपाठ होते. मुलांच्या डॉक्टरांकडे, वजनकाट्याच्या बरोबर वरती, त्याची पाटीच लावलेली होती आणि ठकीचा नंबर येईपर्यंत ती वाचण्यावाचून दुसरा उद्योग नसायचा. शब्दसंग्रह वाढतो. एकाग्रता वाढते. कल्पनाशक्तीला चालना मिळते. पालक आणि मूल यांच्यात जिव्हाळा निर्माण होतो. शेजारी एक हसरा बाप मुलीला मांडीवर घेऊन वाचत बसलेला दाखवला होता. त्या बापाच्या अंगात कडक इस्त्रीचा शर्ट होता, डोक्यावर भरघोस केस होते, आणि मुख्य म्हणजे त्याची मुलगी दाराकडे बघत नव्हती.

ठकी दाराकडे बघायची. शाळेत तिचं नाव वेगळंच काहीतरी भारदस्त होतं, पण घरात आणि बिल्डिंगमध्ये ती ठकीच होती. वय वर्षं सहा, पुढचे दोन दात गायब. तिची आई हॉस्पिटलच्या रक्ततपासणीच्या लॅबमध्ये होती. इतकी वर्षं सकाळपाळी करून ती संध्याकाळी घरी असायची आणि ठकीला कुशीत घेऊन गोष्टी वाचून दाखवायची. आता तिला लॅबची इन्चार्ज केलं होतं, आणि इन्चार्जच्या खुर्चीबरोबर दुपारपाळी आली होती. म्हणजे बाबा ऑफिसातून परत आल्यापासून आई येईपर्यंतची अख्खी संध्याकाळ बापलेकीच्या वाट्याला आली.

ती संध्याकाळ ठकी दाराशेजारच्या चपलांच्या कपाटावर बसून काढायची. पाय खाली सोडलेले, हनुवटी तळहातावर, आणि दर थोड्या वेळानं एकच प्रश्न. "आई कधी येणार?"

"साडेआठला," सर्व्हेअरसाहेब सांगायचे. उत्तर बिनचूक असायचं, पण त्या उत्तरानं ठकी कधी कपाटावरून खाली उतरली नाही. ती रडत नव्हती, हट्ट करत नव्हती, नुसती बसून असायची. एखाद्या माणसाला बसस्टॉपवरचा अनोळखी सोबती समजावं, तसं आपल्याला आपल्याच घरात समजलं जातंय, हे सर्व्हेअरसाहेबांना फार लागायचं.

एका रविवारी बायको म्हणाली, "अहो, ती अशीच दारात बसून राहणार असेल तर मी सकाळपाळी परत मागून घेते. इन्चार्ज होईल दुसरं कुणीतरी."

हे ती अगदी सहज बोलली, आणि म्हणूनच सर्व्हेअरसाहेबांनी हातातलं वर्तमानपत्र खाली ठेवलं. त्या खुर्चीसाठी बायकोनं किती वर्षं रक्त आटवलं होतं, तेही दुसऱ्यांचं रक्त तपासता तपासता, हे त्यांच्याइतकं कुणालाच ठाऊक नव्हतं.

"काही मागून-बिगून घेऊ नकोस. थोडे दिवस थांब," ते म्हणाले. "मी बघतो."

"बघू नका. वाचा. मी वाचायचे तसं मोठ्यानं वाचून दाखवा तिला."

"त्यात काय एवढं? वाचता येतं मला."

बायकोनं त्यांच्याकडे बघितलं. लॅबमध्ये एखादी बाटली उजेडापुढे धरून बघत असेल, तसंच बघितलं. मग ती भांडी विसळायला आत गेली.

इथे सर्व्हेअरसाहेबांच्या पेशाबद्दल दोन शब्द सांगायला हवेत, कारण पुढचं सगळं रामायण त्या पेशामुळे घडलं. ते विमा कंपनीचे सर्व्हेअर होते. कुणाच्या दुकानाला आग लागली, कुणाच्या गोदामात पाणी शिरलं, कुणाची गाडी भिंतीवर गेली, की यांनी जायचं, बघायचं आणि सांगायचं, की नुकसान खरं आहे की बनाव आहे. आपल्या कामात ते पक्के होते. समोरचा माणूस ढसाढसा रडत असला तरी ते शांतपणे विचारायचे, "पुरावा काय?" ही सवय घरातही शिरली होती. दूध उतू गेलं असं बायको म्हणाली, तर हे आधी शेगडी बघून यायचे.

वाचनालयातून पुस्तक त्यांनी स्वतः निवडलं. बांधणी मजबूत, पानं सलग, डाग नाहीत. आत काय आहे ते घरी येऊन बघितलं. एका डोंगरावरचा लांडगा नदीत पडतो, त्याला पडसं होतं, आणि ऊब मिळावी म्हणून तो दारोदार हिंडतो, अशी गोष्ट होती.

पहिल्या संध्याकाळी त्यांनी खुर्ची चपलांच्या कपाटाजवळ ओढली, चष्मा पुसला आणि पंचनामा वाचावा तशा आवाजात सुरुवात केली. "एका डोंगरावर एक लांडगा राहत होता. एके दिवशी तो नदीत पडला." इथे ते थांबले. पान उलटून मागे बघितलं, पुढे बघितलं. "पडला म्हणजे कसा पडला? घसरला, की कुणी ढकललं? काहीच लिहिलेलं नाही."

"पडला," ठकी म्हणाली.

"पण कुणी पाहिलं का?"

ठकीनं त्यांच्याकडे पहिल्यांदा वळून बघितलं. "आई असं विचारायची नाही," असं म्हणाली आणि पुन्हा दाराकडे तोंड केलं.

दुसऱ्या दिवशी सर्व्हेअरसाहेबांनी जिन्यात एक चूक केली. समोरच्या वहिनींनी "काय भाऊजी, चेहरा का उतरलाय?" म्हणून विचारलं आणि त्यांनी खरं सांगितलं. या बिल्डिंगमध्ये जिन्यात बोललेली गोष्ट, बोलणाऱ्याला आपल्या कुलपाची किल्ली सापडायच्या आत गच्चीपर्यंत पोचते. रात्रीच्या जेवणाच्या आत वरच्या मजल्यावरचे मास्तर घरी हजर झाले.

मास्तर म्हणजे निवृत्त मुख्याध्यापक. निवृत्त झाले होते ते शाळेतून. बिल्डिंगमध्ये त्यांचा तास चालूच होता. "वाचन झालं की लगेच प्रश्न विचारायचे," ते म्हणाले. "नुसतं ऐकलं की या कानातून त्या कानात. प्रश्न विचारला की ठसतं!"

सर्व्हेअरसाहेबांना प्रश्न विचारायला काय, आवडायचंच. पुढच्या संध्याकाळी पान संपवल्याबरोबर त्यांनी पुस्तक मिटलं आणि विचारलं, "लांडग्याच्या स्वभावाचे विशेष सांग पाहू."

"माझ्या पोटात दुखतंय," ठकी म्हणाली.

मास्तरांची पद्धत तिथेच संपली. मग समोरच्या वहिनींचा सल्ला आला. वहिनींनी लग्नाआधी हौशी रंगभूमी गाजवली होती, असं त्या स्वतः सांगायच्या. राणीचं काम त्यांनी इतक्यांदा केलं होतं, की भाजी घेतानाही हात पुढे करण्याची ढब गेली नव्हती. "भाऊजी, तुम्ही लांडगा वाचताय. लांडगा व्हायला पाहिजे," त्या म्हणाल्या. "आवाज घशातून नाही, पोटातून! लांडगा तुमच्या पोटात आहे, त्याला बाहेर काढा!"

सर्व्हेअरसाहेबांच्या पोटात आजवर फक्त पित्त असायचं. पण ते हाती घेतलेलं काम अर्धवट टाकणारे नव्हते. पुस्तकातला लांडगा प्रत्येक बंद दारापुढे उभा राहून आधी गळा काढायचा आणि शेवटी शिंकायचा. हे जमवायला सराव हवा आणि सराव काही ठकीच्या समोर करता येत नव्हता. तेव्हा ऑफिसातून आल्यावर तोंड धुण्याच्या निमित्तानं ते न्हाणीघरात शिरायचे, कडी घालायचे, आरशापुढे उभे राहायचे आणि लांडग्याला बाहेर काढायचे.

पहिल्या दिवशी कुकरच्या शिट्टीसारखं काहीतरी निघालं. दुसऱ्या दिवशी ठसका लागला. तिसऱ्या दिवशी मात्र कुठेतरी बेंबीच्या मागून एक लांबलचक, ओलसर, जीव पिळवटून टाकणारं "आऽऽऊऊऊ..." निघालं, फरश्यांवर आपटून दुप्पट झालं आणि शेवटी "आऽऽक्छीं!" करून फुटलं. सर्व्हेअरसाहेब स्वतःवरच खूष झाले. न्हाणीघरात सगळ्यांचाच आवाज चांगला लागतो, ही गोष्ट त्यांच्या लक्षात यायला हवी होती. आणखी एक गोष्ट लक्षात यायला हवी होती. न्हाणीघराची खिडकी डक्टमध्ये उघडायची, आणि त्या डक्टमध्ये तळमजल्यापासून गच्चीपर्यंत सगळ्यांच्या न्हाणीघरांच्या खिडक्या उघडायच्या. गळती शोधायला ते स्वतः एकदा त्या डक्टमध्ये टॉर्च घेऊन उतरले होते. पण कलावंताला कसलं आलंय प्लंबिंगचं भान!

सरावाचा उपयोग झाला की नाही, ते कळायला मार्ग नव्हता. ते आता खुर्चीवरून अर्धे उठून, मान वर करून गळा काढायचे, शिंकायचे, आणि ठकी कपाटावर बसून दाराकडे बघत राहायची. पानामागून पान जात होतं. सशानं दार लावलं. साळिंदरानं दार लावलं. घुबडानं तर उघडलंच नाही, आतूनच "घरी कोणी नाही" म्हणून सांगितलं.

"तसं बघितलं तर त्यांचंही चूक नाही," सर्व्हेअरसाहेबांच्या तोंडून निघून गेलं. "लांडगा दारात आल्यावर कडी लावणं ही वाजवी खबरदारीच झाली."

"बाबा, त्याला पडसं झालंय ना!" ठकी एवढ्या जोरात म्हणाली, की ते दचकले. मग तिनं पुन्हा हनुवटी तळहातावर ठेवली. "मग पुढे कुणी घेतलं त्याला घरात?"

"ते उद्याच्या पानावर."

"आई कधी येणार?"

सर्व्हेअरसाहेबांनी पुस्तक मिटलं. या मुलीला आपण काहीही केलं तरी नकोच आहोत, असं त्यांना वाटलं. रात्री जेवताना बायकोनं नजरेनंच विचारलं आणि त्यांनी नजरेनंच ताटात बघितलं. "महिनाअखेर साहेबांशी बोलते मग मी," ती म्हणाली.

इकडे बिल्डिंगमध्ये मात्र वाचनाचे फायदे भलतीकडेच दिसू लागले होते. तळमजल्यावरच्या आजींनी एके दिवशी ठकीच्या हातात खोकल्याच्या औषधाची बाटली ठेवली आणि कानात सांगितलं, "तुमच्याकडे कुणाला बरं नाहीये ना बाळा? चमचाभर दे हो त्याला." ठकीनं ती बाटली बापाला दाखवलीच नाही. वरच्या मजल्यावर अंघोळीच्या वेळा बदलल्या. आणि एका संध्याकाळी जिन्याखालच्या फळ्यावर चेअरमनसाहेबांच्या सहीची नोटीस लागली.

चेअरमनसाहेब वजनमाप खात्यातून निवृत्त झाले होते. साऱ्या जगात काहीतरी कमी भरतंय, असा त्यांचा चेहरा असायचा. नोटीस अशी होती: 'आपल्या इमारतीत काही सभासद विनापरवानगी कुत्रा पाळत असल्याचे निदर्शनास आले आहे. सदर कुत्रा आजारी असल्याचे त्याच्या आवाजावरून दिसते. लहान मुलांच्या आरोग्यास धोका संभवतो. सबब कुत्रा बाळगणाऱ्या सभासदाने स्वतः पुढे यावे, अन्यथा समितीस पाहणी करावी लागेल.'

सर्व्हेअरसाहेबांनी नोटीस दोनदा वाचली आणि ते संतापले. आजारी कुत्रा! आणि घरात लहान मुलं असलेल्या इमारतीत! आपल्या आवाजाला कुणी कुत्रा म्हणेल, हे त्यांच्या मनाला शिवलंसुद्धा नाही. त्यांचा तो लांडगा होता, आणि पोटातून काढलेला होता. ते तडक चेअरमनसाहेबांकडे गेले.

"कोण हा बेजबाबदार माणूस?" त्यांनी विचारलं.

"तेच तर कळत नाही हो," चेअरमनसाहेब म्हणाले. "आवाज डक्टमधून येतो. कुणाच्या घरातून येतो, ते सांगता येत नाही. विचारायला गेलं तर कोण कबूल करणार?"

"कबुलीवर जायचंच नसतं," सर्व्हेअरसाहेब खुर्चीत पुढे सरकले. त्यांचा विषय निघाला होता. "माणूस खोटं बोलतो, वस्तू बोलत नाही. सरळ घरोघर जाऊन प्रत्यक्ष पाहणी करा. घरात कुत्रा असेल तर चार गोष्टी असणारच. खाण्याचं भांडं, अंथरूण, बांधायची दोरी आणि केस. त्यातली एखादी कुणाच्याही घरात सापडेल. पण चारही एका जागी सापडल्या की समजायचं, कुत्रा आहे. मग त्या माणसानं कितीही गळा काढला तरी ऐकायचं नाही."

चेअरमनसाहेब इतके प्रभावित झाले, की त्यांनी हे सगळं लिहून घेतलं. "वा साहेब! आणि मालक म्हणाला, मी नाही बुवा पाळलेला, तर?"

"तर म्हणायचं, पुरावा काय?"

"उद्यापासूनच सुरू करतो."

"माझ्या घरापासून सुरू करा," सर्व्हेअरसाहेब बाणेदारपणे म्हणाले. "म्हणजे बाकीच्यांना बोलायला जागा राहणार नाही."

दुसऱ्या दिवशी संध्याकाळी समिती आली. पुढे चेअरमनसाहेब, मागे मास्तर, आणि महिला प्रतिनिधी म्हणून समोरच्या वहिनी. सर्व्हेअरसाहेबांनी दार सताड उघडलं आणि उघडंच ठेवलं, कारण लपवण्यासारखं काहीच नव्हतं. ठकी आपल्या जागेवर, चपलांच्या कपाटावर बसली होती. समितीला बघून तिनं पाय हलवायचे थांबवले.

"या, या. सगळं घर तुमचंच आहे," सर्व्हेअरसाहेब म्हणाले. स्वतः पुढे होऊन त्यांनी स्वयंपाकघर दाखवलं, बाल्कनी दाखवली, पलंगाखाली टॉर्च मारून दाखवला. इतकी निर्दोष पाहणी त्यांनी आजवर पाहिली नव्हती. समिती निघणारच होती, एवढ्यात चेअरमनसाहेबांचं लक्ष जेवणाच्या टेबलाकडे गेलं. टेबलक्लॉथ एका बाजूनं जमिनीपर्यंत ओढलेला होता. एरवी तो असा नसायचा.

"हे तेवढं राहिलं," ते म्हणाले, आणि वाकून त्यांनी कापड वर केलं.

टेबलाखाली सर्व्हेअरसाहेबांचा हरवलेला मफलर नीट घडी करून अंथरलेला होता. त्यावर उशी म्हणून पायमोज्यांची गुंडाळी. शेजारी वाटीत दुधात भिजलेली बिस्किटं. खोकल्याच्या औषधाची बाटली, चमच्यासकट. टेबलाच्या पायाला दोरीवरच्या उड्यांची दोरी बांधलेली. आणि एका कोपऱ्यात सर्व्हेअरसाहेबांचा जुना कंगवा, भरपूर केसांसकट. आपले इतके केस गेलेत, हे त्यांना त्या क्षणीच कळलं.

"भांडं," चेअरमनसाहेब कागद बघून म्हणाले. "अंथरूण. दोरी. केस." त्यांनी चष्म्यावरून बघितलं. "साहेब, चारही आहेत. एका जागी."

"अहो, पण माझ्याकडे कुत्रा नाही!"

"पुरावा काय?" चेअरमनसाहेब म्हणाले, आणि त्यांना हे म्हणताना फार बरं वाटलं.

ज्यांचं सगळं खाक झालंय अशा माणसांपुढे उभं राहून सर्व्हेअरसाहेबांनी हा प्रश्न विचारला होता, आणि त्या माणसांना कसं वाटत असेल हे आज समजत होतं. नसलेल्या कुत्र्याचा पुरावा आणायचा कुठून? आणि मास्तर मान हलवत होते! आणि वहिनी पदर तोंडाला लावून अंथरुणाकडे बघत होत्या!

तेवढ्यात ठकीनं कपाटावरून धप्पकन उडी मारली. ती धावत आली आणि दोन्ही हात पसरून टेबलापुढे उभी राहिली.

"त्याला बाहेर काढायचं नाही!" ती म्हणाली. "त्याला पडसं झालंय. सशानं दार लावलं, साळिंदरानं लावलं, घुबड खोटं बोललं. आपण नाही ना लावलं, बाबा?"

सर्व्हेअरसाहेबांनी त्या सामानाकडे पुन्हा बघितलं, आणि या वेळेला त्यांनी ते खरोखर बघितलं. वाटीतलं दूध आजचं होतं. पण वाटीच्या कडेला कालचं वाळलेलं बिस्किट होतं, आणि परवाचंही असावं. मफलरची घडी रोज कुणीतरी सारखी करत होतं. औषधाची पातळी बरीच खाली आली होती, आणि फरशीवर चमच्याचे चिकट ठिपके होते. ही एका दिवसाची तयारी नव्हती. ते दाराशी गेले आणि चपलांच्या कपाटावर, ठकीच्या जागेवर बसले. जागेवर बसून बघितल्याशिवाय ते कधीच मत देत नसत. तिथून दार दिसत होतं. आणि मान जराशी वळवली, की दाराच्या बाजूच्या काचेत, कापड न ओढलेल्या बाजूनं, टेबलाखालचा सगळा भाग दिसत होता.

म्हणजे पोरगी सगळं ऐकत होती. पहिल्या दिवसापासून शब्द न् शब्द. आपण तिच्या पाठमोऱ्या वेण्यांना वाचून दाखवत होतो, आणि ती त्या काचेत बघून लांडग्याची वाट बघत होती. सर्व्हेअरसाहेबांच्या घशात काहीतरी आलं. ते पोटातून आलं होतं, हे वहिनींनी सांगायची गरज नव्हती.

"तेव्हा आता स्पष्ट सांगा," चेअरमनसाहेब म्हणाले. "आहे की नाही?"

खरं सांगायचं तर 'नाही' म्हणायला हवं होतं. पेशा तेच सांगत होता. असा कुणी लांडगा नाही, ही गोष्ट आहे, मुलीनं खेळ मांडलाय, एवढी दोन वाक्यं बोलली की अब्रू वाचत होती आणि चहा करून समितीला वाटेला लावता येत होतं. फक्त ती दोन वाक्यं ठकीच्या देखत बोलायला लागली असती. तिचे हात अजून पसरलेलेच होते.

"आहे," सर्व्हेअरसाहेब म्हणाले.

"कुत्रा?"

"कुत्रा नाही. लांडगा."

चेअरमनसाहेबांनी खिशातून नियमावली काढली आणि बोट फिरवायला सुरुवात केली. कुत्र्यांचा नियम होता. मांजरांचा होता, पोपटांचा होता, माशांच्या टाकीचाही होता. "लांडगा नाहीये यात," ते शेवटी हताश होऊन म्हणाले.

"नियमात नाही म्हणजे बंदी नाही," मास्तर म्हणाले. त्यांना आता यात गोडी वाटू लागली होती.

"पण लांडगाच आहे कशावरून?"

"बाबा," ठकी म्हणाली, "काढ ना आवाज."

सर्व्हेअरसाहेबांनी एकदा समितीकडे बघितलं. ऑफिसची पँट होती, गळ्यात ओळखपत्र लटकत होतं, सोसायटीच्या सभेत हिशेबावर बोलताना ज्यांचा धाक असे असे ते गृहस्थ होते. त्यांनी ओळखपत्र काढून खिशात घातलं. मान वर केली. आणि न्हाणीघराची मदत न घेता, भर हॉलमध्ये, असा काही गळा काढला की शोकेसच्या काचा थरारल्या. शेवटी "आऽऽक्छीं!" झालं तेव्हा मास्तर एक पाऊल मागे सरकले होते.

डक्टमधून तळमजल्यावरच्या आजींचा आवाज आला, "अगं बाई, अजून बरं नाही का त्याला? वाफ द्या हो, वाफ!"

"पोटातून आला, भाऊजी!" वहिनींनी टाळ्या वाजवल्या. "अगदी पोटातून!"

चेअरमनसाहेबांनी हातातल्या कागदाची घडी केली, ती नियमावलीत घातली, नियमावली खिशात घातली आणि सोफ्यावर बसले. "म्हणजे आम्ही सगळे इतके दिवस डक्टला कान लावून..." ते थांबले. मग जरा घसा साफ करून ठकीला म्हणाले, "आणि मग पुढे? घेतलं का कुणी त्याला घरात?"

"शेवटची पानं राहिलीत," ठकी म्हणाली. "बाबा वाचणार आहे."

मग काय, तिघं सोफ्यावर दाटीवाटीनं बसली. सर्व्हेअरसाहेबांनी खुर्ची घ्यायच्या आत ठकीनं त्यांना टेबलापाशी खाली फरशीवर बसवलं, स्वतः त्यांच्या मांडीवर बसली आणि पाठ त्यांच्या पोटाला टेकवली. तिथून दार दिसत नव्हतं. त्यांनी वाचायला सुरुवात केली. लांडगा चालून चालून दमला. आता डोंगरावर एकच दार उरलं होतं, ते उंदराचं. लांडग्यानं टकटक केलं. सर्व्हेअरसाहेबांनी टेबलाच्या पायावर टकटक केलं. उंदीर लांडग्याला घाबरला, फार घाबरला. सर्व्हेअरसाहेबांनी कुणालाही न विचारता उंदराचा आवाज काढला, आणि तो चक्क बरा निघाला.

त्याच सुमाराला त्यांची बायको जिना चढून आली. दार सताड उघडं बघून तिच्या छातीत आधी धडकीच भरली. मग तिनं बघितलं, की सोसायटीची समिती सोफ्यावर बसून ऐकते आहे, नवरा फरशीवर बसून उंदरासारखं बोलतोय, आणि रोज पावलं वाजली की गळ्यात येऊन पडणारी लेक मान वर करूनही बघत नाहीये. तिला हायसं वाटलं, आणि कुठेतरी बारीकसं टोचलंसुद्धा. हाक मारायला तिनं तोंड उघडलं आणि तसंच मिटलं. चपला हातात घेऊन ती आवाज न करता आत आली, आणि बसायला दुसरी जागाच नसल्यामुळे चपलांच्या कपाटावर बसली. पाय खाली सोडले. हनुवटी तळहातावर ठेवली. मांडीवरची पर्स सरकत होती, तरी तिनं ती धरली नाही.

"'दार उघडलं,'" सर्व्हेअरसाहेब वाचत होते. "'पण उंदराचं घर इतकं लहान होतं, की लांडग्याचं फक्त नाक आत मावलं. उंदरानं त्या नाकावर आपलं पांघरूण घातलं आणि दिवा जवळ ओढला. लांडगा म्हणाला, एवढं पुष्कळ झालं. कारण पडसं नाकालाच झालं होतं.'"

चेअरमनसाहेबांनी रुमाल काढून नाक शिंकरलं. मास्तरांनी प्रश्न विचारायला हात वर केला होता, तो वहिनींनी धरून खाली ओढला. ठकीनं पान हातानं नीट सपाट केलं, टेबलाखाली वाकून मफलर थोडा सरळ केला, आणि मग मागे वळली.

"अगं आई!" ती म्हणाली. "तू कधी आलीस?"

"आत्ताच," आई म्हणाली. "थोडं मागचं पान परत वाचता का, अहो? माझं राहिलं."

ती बराच वेळ तिथे बसली होती. टेकवलेल्या हाताची बोटं तिच्या हनुवटीवर उमटली होती, हे सर्व्हेअरसाहेबांना बसल्या जागेवरून स्वच्छ दिसत होतं. त्यांनी पुरावा मागितला नाही. मागचं पान उघडलं आणि मान वर केली.